कवितेतून काढलेला नारळ

कवितेवर टीका कशी करायची हे मला कुणी शिकवलेलं नाही. दहावीनंतर शाळा सुटली, सूतगिरणीत रिंग खात्यात लागलो. जे वाचलं ते विहारातल्या कपाटातलं आणि एका कॉम्रेडदादांनी वेळोवेळी दिलेलं. रात्रपाळीत फ्रेमी चालू झाल्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा तुटलेलं सूत जोडता जोडता डोक्यात ओळी येतात. घरी येऊन त्या वहीत उतरवतो. इतकंच माझं शिक्षण. तेव्हा या लेखात शास्त्र सापडलं नाही तर माफ करू नका, सरळ भांडा.

भांडणाचं कारण माझीच एक कविता आहे. माझी आई यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरते. तिच्यावर मी लिहिलं. सुतानं चिरलेली तिची बोटं, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली टांगलेली तिची जेवणाच्या डब्याची पिशवी, आणि संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत जाऊन सिद्धेश्वराला तिनं फोडलेला नारळ. एवढं त्यात होतं. आमच्या वस्तीतल्या वाचनालयात ती वाचली. वाचून झाल्यावर चर्चा.

कॉम्रेडदादा म्हणाले, "कविता चांगली आहे. पण कांडी भरणारी बाई म्हणजे एक आख्खा वर्ग आहे. तू मधे फोटो आणतोस, नारळ आणतोस. जात आणि देव आले की कामगार फुटतो. दोन्ही काढ."

विहारातले गुरुजी म्हणाले, "फोटोला हात लावायचा नाही. पण नारळ काढ. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नारळ? वाचणारा काय म्हणेल?"

या दोघांचं गेल्या पाच वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं. नारळावर झालं. मीही मान डोलावली. दोघांचा माझ्यावर उपकार आहे, दोघांनी मला वाचायला लावलं. घरी येऊन ओळ खोडली. फोटो ठेवला, नारळ गेला. कविता एकदम गुळगुळीत झाली, कुठं अडेना.

मग ती आईला वाचून दाखवली. आईला वाचता येत नाही, पण ऐकलेलं ती विसरत नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "माझा नारळ कुटं गेला रं?"

मी सांगायला लागलो. विचार, भूमिका, वर्ग, प्रतिज्ञा. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मग ती बाई मी न्हाई. दुसरीच कुणीतरी हाय. तिला माझी बोटं कशाला दिलीस?"

दोस्तांनो, त्या दिवसापासून मी हा लेख लिहितोय.

आता जरा मागं जाऊ. १८५३ साली मार्क्सनं लंडनमध्ये बसून न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रासाठी हिंदुस्थानावर लेख लिहिले. त्यात त्यानं मांडलं की रेल्वे आली की तिच्यामागं यंत्रं येतील, कारखाने येतील, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कामाची वाटणी मोडेल. ज्या वाटणीवर जात उभी आहे ती वाटणीच गेली की जात ढासळेल. हा विचार मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर झोप आली नाही. किती सरळ! यंत्र कुणाची जात विचारत नाही. पट्टा फिरला की सगळ्यांसाठी फिरतो. हे वाचून कुठल्या गिरणी कामगाराला आनंद होणार नाही?

यंत्रं आली. मुंबईत आली, सोलापुरात १८७७ साली पहिली गिरणी उभी राहिली. आणि मार्क्सच्या लेखाला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, १९२८ साली, मुंबईच्या गिरण्यांत काय चाललं होतं? अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नव्हते. त्यानं राहायचं कताईच्या खात्यात, कमी पगारावर. पगार जास्त तो विणकामात, आणि तिथं त्याला दार बंद.

हे दार मालकानं घातलं नव्हतं. दार होतं धोट्याचं. ज्यांनी धोट्याचा माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. धोट्यात सुताची कांडी बसवलेली असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. ते हातानं निघायला वेळ लागतो. म्हणून विणकर धोटा तोंडाला लावून दोरा ओठांनी ओढून घ्यायचा. एका पाळीचा माणूस गेला की दुसऱ्या पाळीचा तोच धोटा तोंडाला लावणार. मग सवर्ण कामगार म्हणाला, ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड लावणार नाही. यंत्रानं जात विचारली नाही हे खरंच आहे. यंत्राजवळ उभ्या माणसानं विचारली.

असाच धोटा विलायतेत लँकेशायरच्या गिरण्यांतही होता. तिथले लोक त्याला मरणाचं चुंबन म्हणत, कारण एकाच्या तोंडचा रोग दुसऱ्याला लागायचा. तिथं भीती रोगाची होती. इथं भीती माणसाची होती. धोटा एकच, भोक एकच. पण १८५३ च्या त्या भल्या मोठ्या विचारात हे एवढंसं भोक मावलं नव्हतं.

१९२८ सालचा मुंबईचा संप सहा महिने चालला. लाखाच्या वर कामगार बाहेर. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संपाच्या समितीनं मालकांपुढं सतरा मागण्या ठेवल्या होत्या. पगार, कामाचे तास, कामगार कपात, सगळं होतं. मी त्या संपाला कमी लेखत नाही. उपाशी राहून सहा महिने लढलेल्या माणसांना नावं ठेवण्याएवढी माझी लायकी नाही. पण विणकाम खात्याच्या दाराबद्दल संपाचे पुढारी आपणहून काही बोलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढं कामगार होता. अस्पृश्य कामगार दिसायला पाहिजे होता, तो दिसला नाही.

बाबासाहेबांना दिसला. आणि इथं ते कसे वागले ते नीट बघा, कारण माझ्या मते आपल्या टीकेनं शिकायचं ते इथंच आहे. कामगारांची एकजूट हे थोतांड आहे, असं ते म्हणत बसले नाहीत. सिद्धांत फेकून दिला नाही. त्यांनी पुढाऱ्यांना सांगितलं, गिरणीतलं प्रत्येक काम करायचा आमच्या माणसाला हक्क आहे, ही मागणी यादीत घाला. नाहीतर आमच्या माणसांना संपात येऊ नका म्हणून मी सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजानं मागणी घेतली. मालकांपुढं ती गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आणि मालकांचं हे म्हणणं खरं होतं! पुऱ्या यादीत कामगारांना गप्प करणारं मालकांचं एवढं एकच उत्तर असेल.

पुढं काय झालं तेही सांगतो, नाहीतर मीही माझा नारळ लपवला असं होईल. १९२९ च्या संपात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या विरोधात गेले आणि आपल्या माणसांना कामावर जायला सांगितलं. आजही काही लोक त्यावरून त्यांना संपफोडे म्हणतात. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला, कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध, त्याच कम्युनिस्टांबरोबर त्यांनी एक दिवसाचा संप केला. १९३८ च्याच फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं त्यांनी दोन शत्रू सांगितले होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पोथी घेऊन बसलेल्या माणसाला या तीन गोष्टींचा मेळ बसवता येणार नाही. एका वर्षी विरोध, एका वर्षी खांद्याला खांदा. पण धोटा डोळ्यापुढं ठेवा, मेळ आपोआप बसतो. आमच्या माणसाचं तोंड धोट्याला लागू देणार का, हा एकच प्रश्न ते प्रत्येक वेळी विचारत होते.

हे सगळं मुंबईचं झालं. आमच्या सोलापूरचं काय? इथं तर याहून वरताण. सिद्धांत सांगतो की गिरणीतला मजूर मोकळा असतो. तो कुणाचा वेठबिगार नाही, आपलं श्रम विकतो आणि संध्याकाळी घरी जातो. सोलापुरात सेटलमेंट होती. १८७१ च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं, त्यातली माणसं तारेच्या कुंपणात ठेवलेली. ती गिरणीत कामाला जायची आणि पाळी सुटली की परत कुंपणात, हजेरीला. भोंगा सगळ्यांचा एक, पण सुटल्यावर कुणी घरी आणि कुणी तारेच्या आत. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. जागेचं नाव मात्र गेलं नाही. आजही रिक्षावाल्याला सेटलमेंट म्हटलं की तो पत्ता विचारत नाही. मोकळ्या मजुराच्या व्याख्येत ही माणसं कुठं बसवायची, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

माझा आजा सोलापुरातल्या एका गिरणीत होता. रिंग खात्यात लागला, रिंग खात्यातच म्हातारा झाला. मी विचारलं, "विणकामात का गेला नाहीस?" म्हणाला, "कुणी नको म्हटलं न्हाई. कायदाच होता तसा, कुणाची हिंमत? जॉबर म्हणायचा, जागा झाली की सांगतो." एकोणतीस वर्षं जागा झाली नाही. राज्यघटना लागू होती. कागदावर अस्पृश्यता गुन्हा होती. नकार कुणी दिलाच नाही, मग तक्रार कुणाविरुद्ध करायची?

कॉम्रेडदादा म्हणतील, आता धोटा तोंडाला लावणारे माग राहिले कुठं? नवे माग बिनधोट्याचे. खरंय. पण मी गिरणीजवळ खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकानं पाण्याची वेळ सांगितली, भाडं सांगितलं आणि हसत हसत विचारलं, "आडनाव काय म्हणालास?" आडनाव सांगितल्यावर त्याला आठवलं की खोली पुतण्याला द्यायची आहे. बरोबरचा मित्र त्याच फ्रेमवर काम करणारा, वेगळ्या आडनावाचा. तो आठवड्यानं एकटा गेला. खोली त्याला मिळाली. पुतण्या काही आला नाही.

आता साहित्याकडं येतो, कारण हा लेख टीकेचा आहे.

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ साली आलं. नावाच्या कथेतला तरुण रेल्वेत कामाला लागतो, परमुलखात. डोक्यात नवा देश, श्रमाची थोरवी, माणुसकी. खोली पाहिजे म्हणून जात सांगत नाही. बरोबरचे कामगार त्याला डोक्यावर घेतात, त्याच्या कवितेचं कौतुक करतात. जात कळल्यावर तेच लोक त्याला मारतात. कामगारच कामगाराला मारतात. त्याला सोडवतो तो काशिनाथ, जात न लपवणारा, चाकू बाळगणारा. काशिनाथला चीड येते, मार का खाल्लास म्हणून. आणि मार खाल्लेला म्हणतो की मला या लोकांनी मारलं नाही, मनूनं मारलं.

मी ही कथा चार वेळा वाचली. पहिल्यांदा वाटलं, मनू म्हणणारा बरोबर. दुसऱ्यांदा वाटलं, काशिनाथ बरोबर. आता वाटतं की बागुलांनी दोघांनाही कथेत ठेवलं, हीच त्यांची ताकद. एकजण व्यवस्था ओळखतो, पण त्याची पाठ फुटलेली आहे. दुसऱ्याला व्यवस्था सांगता येत नाही, पण वेळेला तोच धावून येतो. एखाद्या अभ्यासवर्गात ही कथा तपासायला दिली असती तर चाकू तरी काढायला लावला असता, नाहीतर मनू तरी. बागुलांनी विचारलं नाही, बरं झालं.

अण्णाभाऊंचंही तसंच. पक्षानं कम्युनिस्ट, तमाशाच्या फडातून आलेले, आणि 'फकिरा' अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला. २ मार्च १९५८ ला मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं आणि पृथ्वी शेषाच्या डोक्यावर नाही, दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, असं मांडलं. तेव्हापासून भांडण चालू आहे, अण्णाभाऊ लाल की निळे. भांडणाऱ्यांना तळहात दिसत नाही, रंग दिसतो.

पँथरचं उदाहरण तर आपल्या घरचं. १९७२ ला संघटना निघाली, १९७३ ला जाहीरनामा आला. त्यात दलित कोण? अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या नावानं आणि पैशाच्या जोरावर पिळलेले सगळे. एवढी मोठी व्याख्या मराठीत आधी कुणी केली नव्हती. वाचली की छाती फुगते. आणि १९७४ मध्ये संघटना फुटली. ढसाळ मार्क्सवादी झाले की काय, ढाले बुद्धाला धरून बसले की काय, यावर. व्याख्येत जगातले पिळलेले मावले, खोलीत दोन मित्र मावले नाहीत. मी हसत नाहीये. माझ्या जन्माआधीची गोष्ट आहे, पण वाचनालयातल्या त्या संध्याकाळी मला वाटलं, तीच फूट माझ्या कवितेच्या अंगावरून चालली आहे.

आणि त्या व्याख्येतल्या स्त्रिया? त्यांना यादीत घातलं, पण बोलायला उभं कुणी केलं नाही. त्या आपल्या आपण उभ्या राहिल्या. १९८६ साली दोन पुस्तकं आली. शांताबाई कांबळे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्याच, महूदच्या; त्यांचं 'माज्या जल्माची चित्तरकथा'. आणि फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. बेबीताई पक्क्या आंबेडकरी. लहानपणापासून चळवळीत. दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी लिहिलं. आणि लिहिलं काय? महारवाड्यातल्या बायांच्या अंगात येणारे देव, पोतराज, नवस, सासवांनी सुनांचे केलेले हाल, नवऱ्यांची मारझोड. सगळं. त्यांना बावीस प्रतिज्ञा माहीत नव्हत्या का? माझ्या गुरुजींपेक्षा जास्त माहीत होत्या. पण आपण कुठल्या चिखलातून निघालो हे लिहिल्याशिवाय बाबासाहेबांनी काय केलं हे कळणारच नाही, हे त्यांना ठाऊक होतं. चिखल पुसून टाकला की बाहेर काढणाऱ्या हाताचा अर्थ जातो.

आता गुरुजींचं म्हणणंही मांडतो, ते खोटं नाही. ते म्हणतात, "तुम्ही वास्तव वास्तव म्हणून सगळंच कवितेत आणाल तर सोडायचं कोणी? नारळ फोडणं चालू राहावं म्हणून का बाबासाहेबांनी १९५६ ला दीक्षा दिली? आणि आपली घाण बघून पांढरपेशे वाचक टाळ्या देतात, त्याचं काय?"

याला माझ्याकडं सोपं उत्तर नाही. मी स्वतः नारळ फोडत नाही. पण आईनं तो का फोडला ते सांगतो. माझा धाकटा भाऊ सतरा दिवस दवाखान्यात होता. नवव्या दिवशी पैसे संपले. चळवळीतलं कुणी आलं नाही. युनियनमधलंही कुणी आलं नाही. मी रात्रपाळीला होतो, सुट्टी मागितली असती तर बदलीवर गेलो असतो. शेजारची पद्मशाली मावशी आली, डबा घेऊन. तिनं पाचशे रुपये दिले आणि म्हणाली, सिद्धरामाला नवस बोल. आई बोलली. भाऊ वाचला तो डॉक्टरांमुळं, आईलाही ते माहीत आहे. पण ती म्हणते, "त्या दिवशी जे आले त्यांचा देव मी मानला."

म्हणजे तो नारळ अंधश्रद्धा आहेच. पण नवव्या दिवशी आम्ही कुणीच तिथं नव्हतो, याचा पुरावाही तोच आहे. गुरुजींनी आणि कॉम्रेडदादांनी तो खोडायला लावला आणि मी खोडला, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून आपली गैरहजेरी खोडली. विचार दोघांचेही बरोबर राहिले, कारण विचाराला अडवणारी एकच ओळ होती ती गेली.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. सिद्धांत पाहिजे. त्याच्याशिवाय माझ्या आज्याला आपल्याला जागा का मिळाली नाही हे कळलं नसतं, तो नशीब म्हणून मोकळा झाला असता. पण सिद्धांत आणि माणूस जुळत नसले तर दोन सोप्या वाटा आहेत. एक, माणसाला कापून बसवायचा. दुसरी, असंच चालायचं म्हणून हात झटकायचे. बाबासाहेब १९२८ ला दोन्ही वाटांनी गेले नाहीत. जे बसत नव्हतं तेच त्यांनी मागणी म्हणून यादीत लिहायला लावलं. टीका करणाऱ्यानंही तेच करावं. कवितेतली एखादी ओळ आपल्या विचारात बसत नसली तर कवीला काढ म्हणण्याआधी स्वतःला विचारावं, आपल्या यादीत कुठली मागणी राहिली? आमच्या नारळाखाली जी राहिली ती ही: वस्तीत कुणी दवाखान्यात असेल तर नवव्या दिवशी कुणीतरी गेलं पाहिजे.

हे मी दोघांनाही वाचून दाखवलं. कॉम्रेडदादा म्हणाले, "तू भावनेच्या आहारी गेलास." गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओळ घाल परत. पण खाली पाचशे रुपयाचंही लिही."

ते मला सुचलं नव्हतं. लिहिलंय. कविता आता पहिल्यासारखी गुळगुळीत नाही, दोन ठिकाणी अडते. पुढच्या अंकासाठी संपादकांकडं देतोय. आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "नारळ बारा रुपयाचा होता, त्येबी लिही." ते मात्र लिहिलेलं नाही. त्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.